घाटमाथ्यावरची कोरडी माती

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली, तरी नाही. आज तुम्हाला का सांगतो आहे, ते मलाच नीट ठाऊक नाही. नातीनं कोकणातून फोटो पाठवला, एवढंच निमित्त. गिअरची सायकल, मागं चढणीचं वळण, त्याखाली पसरलेला समुद्र. ‘आजोबा, लई अवघड चढ होता,’ असं तिनं लिहिलं होतं. ते वळण मी ओळखलं.

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका दुष्काळातली गोष्ट. मला नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली होती. माझा दोस्त गफूर कापूस पिंजून गाद्या भरायचा. टँकर आला की आम्ही दोघं घागरी घेऊन धावायचो. एकदा तरी डोळे भरून पाणी बघून येऊ, हे त्यालाच सुचलं. सायकली एसटीच्या टपावर टाकल्या आणि कोकणात उतरलो. समुद्रापुढं उभा राहून तो म्हणाला, “एवढं पाणी, आन् घोटभर पिता येईना. आपल्या नळाचाच भाऊ हाय हा.”

आमच्या गल्लीत पाण्याचा एक कायदा होता. ज्याच्या हातून सांडलं, त्यानंच पुन्हा भरून आणायचं. पोर असो की म्हातारी — सूट नाही.

दुसऱ्या दिवशी फोटोतला तो घाट चढायला घेतला. भर उन्हाळा, आमच्या सायकली साध्या, काळ्या, जड. वर नुसता कातळ, पाणी नाही, असं खालच्या लोकांनी बजावलं होतं. म्हणून पायथ्याच्या विहिरीवर छोटा कॅन भरला, ओलं गोणपाट गुंडाळून माझ्या कॅरिअरला बांधला. दर वळणाला समुद्र आणखी मोठा व्हायचा. कापसाच्या धुळीनं गफूरची छाती कमजोर झालेली. तो सायकल ढकलत मागं राहिला. मी आधी माथ्यावर पोचलो.

निम्मं पाणी त्याचं होतं. मी माझं प्यायलो — तिथं थांबता आलं नसतं का? आलं असतं. मी थांबलो नाही. शेवटी कॅन उलटा करून थेंब जिभेवर घेतला.

तो आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हणालो, “सांडलं.”

मग कायद्यानं मीच खाली जायचं होतं ना? मी पोटरी धरून बसलो. गोळा आलाय म्हणालो. “गोळा तुझ्या पायात, घाट माझ्या नशिबात,” असं म्हणून गफूर हसला. रिकामा कॅन घेऊन उताराला लागला.

थोडं खाली, सुट्या खडीवर त्याची सायकल घसरली. आवाज ऐकून मी धावलो — त्याच पायानं. तो रस्त्याखालच्या कातळावर पडला होता. ओठ हलत होते. काय मागत होता, ते मला कळत होतं. माझ्याकडं थेंब नव्हता. खालून माणसं येईपर्यंत सगळं संपलं होतं.

घरी मी सांगितलं, समुद्र आणखी एकदा बघायचा म्हणून तो परत उतरला. सगळ्यांना पटलं. तो तसा होताच. त्याच्या अम्मीनं एवढंच विचारलं, “आखरी वखत उसके मूँ में पानी डाले क्या, बेटा?”

हो म्हणालो. माझ्या हातानं घातलं म्हणालो.

त्यानंतर दर रमजानात रोजा सोडायच्या वेळी सरबताचा पहिला पेला अम्मीकडून माझ्या घरी यायचा. ती थकली, अंथरुणाला खिळली, तेव्हा तिनं घरच्यांना सांगून ठेवलं, ‘माझ्याही तोंडात पाणी यशवंताच घालेल.’ मी गेलो. घातलं. तिनं ते गिळलं आणि माझा हात धरून ठेवला.

इथवरचं मी मनाशी पुष्कळदा बोललो आहे. एक गोष्ट मात्र मनाशीही बोललो नव्हतो. मी ‘सांडलं’ म्हणालो, तेव्हा गफूर खाली बघत होता. टँकरमागं धावणाऱ्या माणसाला सांडलेलं पाणी कळत नाही का? तो वाकला. माझ्या सायकलीखालच्या लाल मातीवर त्यानं हात फिरवला. माती कोरडी होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बोटांवरची धूळ फुंकली, आणि मग कॅन उचलला.