मावशीचं ‘काहून’

अख्ख्या नागपुरात ‘नाही’ हा शब्द न पचणारी एकच बाई आहे आणि ती माझी मावशी लागते, हे मी छाती पुढे काढून सांगते. लागते म्हणजे आईची मावसबहीण. शहराला लागून असलेल्या वाडी गावात ट्रकांच्या धुरळ्यात एका खोलीत राहते. तिला कोणी नाही म्हटलं की ती भांडत नाही, आवाजही चढवत नाही. “काहून?” एवढंच विचारते आणि खुर्ची ओढून बसते. रिकामं बसणं तिला जमत नाही, म्हणून पिशवीतून मेथीची जुडी काढून निवडायला घेते. बँकेत एकदा ‘आज काम होणार नाही’ म्हणाले, तर हिने मॅनेजरसमोरच दोन जुड्या निवडल्या. शेवटी त्या बिचाऱ्याने देठं टाकायला स्वतःची टोपली पुढे केली आणि मुकाट्याने कामही करून दिलं. तिचा नवरा ट्रक चालवायचा. त्याच्याकडून हिला एचआयव्ही आला. तो गेला, ही राहिली. रोज गोळी घेते, ठणठणीत आहे आणि कोणी विचारलं तर वांग्याचा भाव सांगावा तसं सांगून टाकते. दुसऱ्याचं मात्र मेली तरी सांगणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या शेजारणीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं. नाव लिहिलं तर मावशी मला दारात उभं करणार नाही. सदर भागातला खाजगी दवाखाना, तारीखही दिलेली. पण रक्ताचा रिपोर्ट आला आणि काउंटरवरच्या बाईने भर गर्दीत त्याच आजाराचं नाव घेऊन ऑपरेशन रद्द केल्याचं सांगितलं. अंगावरून जाऊन जाऊन पांढरीफटक पडलेली ती बाई खाली मान घालून घरी निघून आली. मावशीने तिला हाताला धरून परत नेलं. गाडी माझी, म्हणून मीही.

डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे सोय नाही.

“काहून? परवा तर होती.”

मग त्यांनी स्टाफच्या जिवाचा मुद्दा काढला. मावशीने मेथीतून मान वर केली नाही.

“मंग बाकीच्यायचे ऑपरेशन हातमोजे न घालता करता का, साहेब?”

 वर तिने सांगितलं की असं परत पाठवणं कायद्यात बसत नाही, तरी पाठवायचंच असेल तर कारण लिहून खाली सही करा. सहीला कोणी तयार होईना. मेथी संपली, तिने लसूण काढला. लसूण निम्मा सोलून झाला तेव्हा ऑपरेशनची तारीख मिळाली. काउंटरवरच्या बाईने शेजारणीची माफी मागितली, तीही हळू आवाजात, कारण मावशीने तसं बजावलं होतं. मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

ऑपरेशन छान झालं. शेजारणीला घरी सोडल्यावर मी मावशीला चिडवलं, की सासरच्यांना तर तू ‘काहून’ विचारून सळो की पळो केलं असशील. ती हसली नाही. नवरा गेल्यावर सासरी तिचं ताट, वाटी, पेला सगळं वेगळं झालं होतं. गोठ्याच्या भिंतीशी बसून जेवायची.

“तिथं नाही विचारलं वं.”

“काहून?” मी म्हटलं.



“तवा मले बी वाटे, त्यायचंच बरोबर आहे.”