माणशी पाणी

परवीनला घाबरायला फार काही लागत नाही. जिन्यात चप्पल वाजली तरी पुरे. पण तिला भित्री म्हणणाऱ्याने आधी पुण्याजवळच्या नेऱ्यात भाड्याने खोली मिळवून दाखवावी. हिंजवडीच्या आयटी कंपन्या पसरत जवळ आल्या आणि इथल्या घरमालकांनी असे भाव चढवले, की जणू खिडकीतून समुद्र दिसतो. दिसतो तो शेजारच्या इमारतीचा ड्रेनेजचा पाइप.

भाड्याचं एक वेळ ठीक. पण रत्नाबाई, म्हणजे घरमालकीण, पाण्याचे पैसे वेगळे घेते आणि तेही माणशी, कारण उन्हाळाभर टँकर. करारात माणसं दोनच, परवीन आणि तिचा नवरा तारिक. तो कंपनीची गाडी चालवतो. तिसरं माणूस सापडलं तर खोली खाली करायची. नुसतं नाव ऐकून कितीतरी दारांतून परत फिरल्यावर मिळालेली खोली!

तिसरं माणूस म्हणजे परवीनचे अब्बा, जैनुद्दीन. गावी घोटावड्यात एकटे पडले, त्यात रक्तदाब, म्हणून लेकीने त्यांना गुपचूप आणलं. रत्नाबाई माणसं मोजत नाही, दोरीवरचे कपडे मोजते. त्यामुळे अब्बांची लुंगी घरात पंख्याखाली वाळायची. बाई फेरीला आली की अब्बा अर्धा जिना चढून गच्चीवर जाऊन बसायचे. गच्चीकडे ती कधी फिरकत नसे.

मे महिन्यातल्या त्या दुपारी फिरकली. वरच्या नळावरून कुणीतरी बादल्या भरतंय, असा तिला संशय होता. बाहेर न डोकावताच तिने गच्चीच्या दाराला नवं कुलूप घातलं, आणि खाली येऊन परवीनच्या उंबऱ्यातच बसली.

"च्या टाक गं. टँकर येईस्तवर हितंच बसते."

परवीनने चहा टाकला. साखर पातेल्यात पडायची ती ओट्यावर सांडली. वर अब्बा, आणि सावलीला साधा पत्रा नाही. अब्बांच्या गोळ्या इथे फळीवर. एक हाक आली की संपलं, असं वाटून ती कान देत होती. हाक येईना, तेव्हा तिने गॅस बारीक करून पुन्हा कान दिला.

रत्नाबाई डिझेलच्या भावाबद्दल बोलत होती. परवीन "व्हय, मावशी" म्हणत होती. अब्बांना काही होईल ही भीती होती आणि खोली जाईल ही पण. मोठी कुठली ते तिला कळत होतं, तरी तोंड उघडत नव्हतं. स्वतःचीच तिला भीती वाटली.

बाईने दुसरा कप मागितला, तेव्हा परवीन एकदम रडायला लागली.

"मावशी, किल्ली द्या. माझे अब्बा वर हायेत."

"वर? ह्या उनात? अगं बये!" रत्नाबाई कप तिथेच टाकून आधी जिन्याकडे धावली.

अब्बा टाकीला टेकून बसले होते. ओठ पांढरे पडलेले, सदरा घामाने भिजलेला. हाताशीच नळ होता. परवीनने ओंजळ भरून त्यांच्या तोंडाला लावली, तर त्यांनी आधी रत्नाबाईकडे बघितलं.

"अब्बा, नळ हितं हाय! पानी तरी प्यायचं ना!"

"कसं पिऊ, पोरी?" ते म्हणाले. "माझं पानी मानशी पैशात धरल्यालं न्हाई."