माझ्या चपला गाडीत आहेत

“तुझं वजन किती गं?”

साहेबांनी हे सगळ्यांसमोर विचारलं. मी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. दुबईच्या वाळवंटात मोटारींच्या रॅलीचा तळ पडला होता. तंबूत मेकॅनिक होते, फोटोवाला होता, साहेबांची बायको आणि मुलगी होती. मी म्हटलं, “माहीत नाही, साहेब.”

“चढ काट्यावर.”

तो काटा माल तोलायचा. आमच्या अल क्वोजच्या गोडाऊनमधून आणलेला. त्यावर ऑइलचे डबे ठेवायचे. मी ट्रे खाली ठेवला आणि चढले. एक मेकॅनिक फिसकन हसला. साहेबांनी वाकून आकडा बघितला आणि मॅडमना म्हणाले, “फॉर्टी थ्री. सेम अ‍ॅज माय डॉटर.”

मॅडम म्हणजे फिनलंडची बाई, रेसची गाडी चालवणारी. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, काट्याकडे बघितलं. “गुड,” म्हणाली. “लाइट.”

मी उतरले आणि ट्रे उचलला. चहा द्यायचा राहिला होता ना अजून.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी रायगडाकडची, गावाबाहेरच्या बौद्धवाडीतली. बाप साहेबांच्याच कंपनीत ड्रायव्हर, राहायला सोनापूरच्या कामगारांच्या कॅम्पात. त्यानं हातापाया पडून मला तिथं ऑफिस गर्ल म्हणून लावलं. ऑफिस गर्ल म्हणजे चहा, झेरॉक्स आणि बोलणी खाणं. अल मनखूलला एका खोलीत आम्ही बायका दाटीवाटीनं राहायचो, एकावर एक खाटा टाकून.

साहेब पुण्याचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. “अच्छा,” म्हणाले. बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून माझा कप वेगळ्या फळीवर. दुबईत, एसी लावलेल्या पँट्रीत! गणपतीला त्यांच्या घरी बोलावलं ते बाहेरच्या वरांड्यात खुर्च्या पुसायला. आरती झाल्यावर वहिनींनी प्रसाद पिशवीत घालून दारातच दिला. वर गोड हसून म्हणाल्या, “आमच्यात तसं काही नसतं हं, पण आज सोवळ्याचं आहे ना.” लोक सांगतात, समुद्र ओलांडला की जात सुटते. हट्! माझ्याबरोबर त्याच विमानातून आली ती.

साहेबांच्या कंपनीनं त्या वर्षी रॅलीसाठी गाडी पुरवली आणि चालवायला फिनलंडची बाई आणली. तिच्या दिमतीला मी. तिचे घामाचे कपडे धुवायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, संध्याकाळी पाय शेकायला गरम पाणी द्यायचं. पण खरं सांगते, मला ती आवडली होती. बाई असून एवढ्या पुरुषांत ताठ चालायची. पाय शेकता शेकता सोप्या इंग्रजीत सांगायची. तिच्या गावात तळं गोठायचं. त्या बर्फावर बापाच्या जुन्या गाडीत ती लहानपणीच चालवायला शिकली. पोरांच्या शर्यतीत पोरांना हरवलं, तर पोरांच्या बापांनी तक्रार केली की हिची गाडी तपासा. पुढं मोठ्या रॅलीत उतरली. पैसे लावणारे म्हणायचे, गाडीला टेकून उभी राहा, फोटो काढू. चालवायचं नंतर बघू. लहानसहान कप मिळाले, मोठा एकही नाही. वय चाललं होतं. “हिअर आय मस्ट विन,” ती म्हणायची. इथंही कंपनीला तिचे सोनेरी केसच हवे होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकदा म्हणाली, “बर्फावर ब्रेक मारलास की मेलीस. वाळूत पण तसंच. थांबायचं नाही.” मी मान डोलावली. मला वाटलं, काय बाई आहे!

तर त्या शेवटच्या दिवशी तिचा जोडीदार तापानं फणफणला. शेजारच्या सीटवर बसून रस्ता सांगायचा तो. नियम असा की गाडीत दोन माणसं पाहिजेतच. साहेबांनी झटक्यात मुलीचं नाव लावून दिलं. रिया. दुबईत वाढलेली, कॉलेजातली. पेपरात फोटो येणार, फिनलंडच्या बाईशेजारी भारतीय मुलगी! वहिनी हरखल्या. फक्त रियाला वाळूच्या टेकड्यांची भीती वाटत होती. “पपा, नो वे. आय विल डाय.”

म्हणून माझं वजन झालं.

निघताना रिया हात हलवत फोटोला उभी राहिली. मग गाडी तंबूमागं आली. तिथं रियानं अंगातला सूट काढला आणि मी घातला. छातीवर शिवलेलं नाव, रिया. तिचे बूट मला घट्ट, बोटं मुडपून घातले. डोक्यावर हेल्मेट. परत बदलायचं ठिकाणही ठरलं होतं, शर्यत संपते त्या फाटकाच्या अलीकडे, बंद पडलेल्या पेट्रोल पंपामागं. तिथून मी पायी तळावर यायचं होतं, म्हणून माझ्या चपला मी सीटखाली सरकवल्या. निळ्या पट्ट्यांच्या, एक पट्टा सेफ्टी पिनेनं जोडलेला.

साहेब खिडकीशी वाकले. “तू फक्त बसायचं. तोंड उघडायचं नाही.” मॅडम म्हणाली, “यल्ला.” म्हणजे चला. तेवढंच अरबी तिला येत होतं.

मी बसले. तोंड उघडलं ते ओकायलाच. पहिल्या मोठ्या टेकडीवरून गाडी खाली कोसळली तेव्हा सकाळची चपाती हेल्मेटात आली. मॅडमनं शिवी घातली. तिच्या भाषेत असली तरी शिवी कळते. मी डोळे मिटून बाबासाहेबांचं नाव घेतलं. पण चालवत होती मात्र झकास. खोटं कशाला बोलू? एकामागून एक गाड्या मागं पडत होत्या आणि ती दात आवळून हसत होती.

दुपारी गाडी रुतली. चाकं गरागरा फिरली आणि पोटापर्यंत वाळूत गेली. “आउट!” मॅडम ओरडली. मी हेल्मेट काढून सीटवर टाकलं आणि फावडं घेऊन उतरले. मॅडम स्टिअरिंगशी बसून राहिली. मी वाळू उपसली, चाकाखाली फळ्या सरकवल्या. फावड्याचा दांडा हातात धरवत नव्हता इतका तापला होता. मग मागून ढकललं. वाळू सगळी तोंडात. गाडी हलली. हलली, चढली, पळाली!

मला आनंद झाला हो. वेड्यासारखी मी मागं धावले. वाटलं, वर टणक जागी थांबेल. ती टेकडीच्या माथ्यावर गेली, हात बाहेर काढून एकदा हलवला आणि पलीकडे उतरली. आवाज लांब गेला, मग आवाजही राहिला नाही.

वाळूत थांबायचं नाही. तिनं मला आधीच सांगितलं होतं की.

पाणी गाडीत. सावली म्हणून फावडं. मी त्या फळीवर बसले, कारण वाळूवर बसवत नव्हतं. आधी वाटलं येतील. मग वाटलं, निदान कुणाला तरी सांगतील. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. सांगणार कसं? सांगितलं तर मी गाडीत होते हे कळेल. माझं नाव कुठंच नव्हतं. जी बाई गाडीत नव्हतीच, ती वाळवंटात मेली तर तिला शोधणार कोण? मी मोठ्यानं रडले. मग रडणं बंद केलं, जीभ टाळूला चिकटायला लागली होती.

रॅलीच्या मागोमाग रुतलेल्या गाड्या ओढायला एक ट्रक फिरायचा. तो त्याच्या वाटेनं चालला होता, मला शोधायला नाही. चालवणारा पठाण म्हातारा होता. त्यानं उतरून माझ्या तोंडावर पाणी मारलं. “बेटी, धीरे पियो.” मग विचारलं, “नाम क्या है?” मी सांगितलं. त्यानं छातीवरचं नाव बघितलं, पण पुढं काही विचारलं नाही.

त्यानं मला नेलं ते थेट पंचांच्या टेबलापुढं. तिथं जल्लोष चालला होता. मॅडम पहिली आली होती! रिया तिच्या शेजारी उभी, आजारी पडलेल्या जोडीदाराच्या ढगळ सूटमध्ये, माझं ओकलेलं हेल्मेट हातात लांब धरून. “ई, पपा, इट स्टिंक्स,” एवढंच तिचं चाललं होतं. पेट्रोल पंपामागं ती गाडीत बसली होती आणि मी का नाही, हे बापलेकींपैकी कुणीही विचारलं नव्हतं.

मला बघून साहेब धावत आले. हसरा चेहरा, आवाज खाली, मराठीत. “तोंड उघडलंस तर तुझा बाप उद्याच्या विमानात. पासपोर्ट माझ्या कपाटात आहेत, विसरू नकोस.”

पंच एक गोरा म्हातारा होता. त्यानं माझ्या छातीवरचं नाव वाचलं, मग रियाकडे बघितलं. विचारलं, ही कोण?

साहेब म्हणाले, “अवर किचन गर्ल. शी गॉट लॉस्ट.”

“मग हा सूट हिच्या अंगात कसा?”

“चोरला असेल,” साहेब इंग्रजीत म्हणाले. “दीज पीपल आर लाइक दॅट.”

दीज पीपल! हे तो पंच समजला नसेल. मी समजले. ते कुठल्या पीपलबद्दल बोलत होते ते मला, साहेबांना आणि वहिनींना, तिघांनाच कळलं. चोराच्या उलट्या बोंबा! तरीही मी गप्प होते. बाप डोळ्यांसमोर होता. सोनापूरच्या खाटेवर पाय चोळत बसलेला.

पंच मॅडमकडे वळला. ही मुलगी तुमच्या गाडीत होती का?

मी तिच्याकडे बघितलं. वाटलं, ही बोलेल. हिला आयुष्यभर फोटोपुरतंच उभं केलंय, हिला कळेल. तिच्या कपाळावर वाळू होती, तीच वाळू माझ्या तोंडात होती. तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच.

“आय डोन्ट नो धिस गर्ल.”

खलास. आत काहीतरी तुटलं आणि बरं झालं तुटलं.

मी म्हटलं, “माय चप्पल इज इन हर कार.”

काहीजण हसले. मी थांबले नाही. गाडीशी गेले, दार उघडलं, पंच मागोमाग आला. सीटखाली हात घातला. होत्या. निळ्या पट्ट्या, सेफ्टी पीन. मी त्या वर धरल्या, सगळ्यांना दिसतील अशा. साहेबांची लाडकी लेक पिनेनं जोडलेल्या चपला घालते, असं म्हणायची हिंमत वहिनींनाही झाली नाही. मग मी रियाचे बूट काढले. टाचा सोलून रक्त आलं होतं. बूट नेऊन साहेबांच्या पुढ्यात टेबलावर ठेवले, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी, आणि माझ्या चपला घातल्या.

माझ्या आजीनं जन्मभर वरच्या आळीतून जाताना चपला हातात घेतल्या. मी त्या साहेबासमोर घातल्या आणि फटक् फटक् वाजवत चालले.

गाडी बाद झाली. कप दुसऱ्याला गेला. मॅडम माझ्यामागं आली, डोळे लाल. “ऑल माय लाइफ आय वेटेड फॉर धिस,” म्हणाली.

मी मराठीत म्हटलं, “मी पण वाट बघितली. उन्हात.” तिला कळलं नाही. कळावं असं मला वाटलंही नाही.

साहेबांनी शब्द पाळला. असले शब्द ते पाळायचे. बाप आणि मी एकाच विमानानं परत आलो. विमानात बाप एकदाच बोलला. “चपलेपायी भाकरी घालवलीस.” पुढं तो गेला, पण माझं बरोबर होतं असं कधी म्हणाला नाही. ते मला लागलं, अजून लागतं. मला कुणी शूर म्हटलं की मला त्याचे पाय आठवतात.

काही वर्षांनी मी परत गेले. या खेपेला स्वतःच्या हिमतीवर. गाडी शिकले, नापास झाले, परत परीक्षा दिली, पास झाले. आता शारजाला बायकांना गाडी शिकवते. एकदा तिथं बसायच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि पडद्यावर ती आली. केस पांढरे, शर्यती सोडलेल्या. तिची सगळी कारकीर्द दाखवत होते. गोठलेलं तळं, बापाची जुनी गाडी, छोटे छोटे कप. मग वाळवंट. तिनं सांगितलं, जोडीदार आजारी पडला, म्हणून मी एकटी गेले. पहिली आले. एकटी बाई जिंकली हे त्यांना बघवलं नाही, त्यांनी मला बाद केलं.

एकटी!

खोलीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं काय चुकलं? तिनं सोसलं होतं, ते खरंच होतं. पण तिच्या सोसण्यावर माझ्या टाळ्या नाहीत. मी उभी राहिले आणि म्हणाले, “ती एकटी नव्हती. मी होते गाडीत.” बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एकीनं विचारलं, “मॅम, आर यू ओके?” मी टीव्ही बंद केला आणि त्यांना सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसं. ती जितक्या वेळा एकटी म्हणेल, तितक्या वेळा मी सांगणार.

दुसऱ्याच्या नावाचा कपडा मी परत अंगावर चढवला नाही, चढवणार नाही. वाळूत गाडी अजूनही रुतते, ढकलायला मी अजूनही उतरते. पण स्टिअरिंगशी बसून कुणी मला “आउट” म्हटलं, मग ती बाई असो, साहेब असो, आपला असो की परका, तर मी हलत नाही. म्हणते, आधी तू उतर.