गाडीला चावी लावावी लागत नाही म्हणे!

आता काय सांगू तुम्हाला, आठवलं की अजून डोकं तापतं! चहा राहू द्या, आधी ऐका. चावी न लावता चालणारी गाडी घेणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते मला. सुरुवात माझ्यापासूनच.

आम्ही लातूरचे. नोकरी हिंजवडीत, घर घोटावड्यात भाड्यानं, घरमालक बबनराव शेजारीच. नवी गाडी आली. चावी नुसती खिशात ठेवायची, बटण दाबलं की सुरू! बबनराव गाडीभोवती चक्कर मारून म्हणाले, "सायेब, चावी न लावता? मग कुनीबी नेईल की!"

झालं! त्यात मोबाईलवर व्हिडिओ आला. चोर म्हणे बाहेर यंत्र घेऊन उभे राहतात, घरातल्या चावीचा सिग्नल पकडतात आणि गाडी पळवतात. उपाय काय, तर चावी धातूच्या डब्यात ठेवा. मी काय कच्चा आहे? पोळ्यांच्या चंदेरी कागदात चावी गुंडाळली, ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यात घातली, झाकण दाबून बसवलं. बायकोलाही सांगितलं नाही. दुसरी चावी ऑफिसच्या कपाटात, तीही सुरक्षित!

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुण्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दोन महिन्यांनी तारीख मिळालेली. सकाळी बघतो तर डबा गायब! बायको, म्हणजे स्वाती, पहिल्या शिफ्टला गेलेली, तिथं आत मोबाईल नेऊ देत नाहीत. धावत गाडीकडे गेलो, दार ओढलं, तर उघडलं! चावीशिवाय! आणि पहाटे खिडकीतून मी या डोळ्यांनी बबनरावांना त्याच दाराशी वाकलेलं पाहिलं होतं.

चावी मिळाल्यावर चोर गाडी कशाला सोडेल? रागात एवढं सुचत असतं तर काय हवं होतं!

"बबनराव! माझी चावी द्या!" मी अंगणातून ओरडलो.

"कसली चावी?"

"पहाटे माझ्या गाडीत काय करत होता?"

बबनराव लालबुंद झाले. "सायेब, पाच वर्सं शेजारी ऱ्हाताय. तुमची काडी तरी उचलली का आमी?"

"मी पोलिसांत जाईन!"

"जावा खुशाल! पन आदी आजींचा डोळा. बसा आमच्या पिकअपमंदी."

पिकअपला चावी तशीच लटकत होती. "ही काढून ठेवत नाही तुम्ही?"

"कशापायी? समद्या गावाला ठाव हाय, चावी हितंच असती."

माझी आणखीच आग झाली, तरी आईला घेऊन बसलो. वहिनींनी, बबनरावांच्या बायकोनं, फडक्यात बांधलेली शिदोरी आईच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या.

पिरंगुटपर्यंत आम्ही दोघं तोंड फुगवून बसलो. चौकातल्या गर्दीत पिकअप थांबली, तेव्हा आईलाच राहवेना. तिनं फडकं सोडलं, डबा उघडला, दशम्यांखाली चाचपून एक चंदेरी पुडी काढली आणि बबनरावांपुढे धरली. "घे बाबा. आमच्या सुनेनं नव्या गाडीचा पेढा पाठवला होता म्हणे. तोंड गोड कर, अन् भांडू नका रे."

बबनरावांनी कागद सोडला. पेढा कसला, माझी चावी!

अहो, डबा मुळात वहिनींचाच! स्वाती चार दिवस कानीकपाळी ओरडत होती, "त्यांचा डबा रिकामा देऊ नका, पेढे घाला त्यात." सकाळी आत पुडी दिसली, तिला वाटलं नवऱ्यानं एकदाचं ऐकलं. दिला नेऊन! वहिनी तरी रिकामा कसा देतील? पेढा आईसाठीच तळाशी ठेवून त्यांनी वर दशम्या रचल्या, आणि निघताना तेच तिच्या कानात सांगितलं.

"घ्या सायेब," बबनराव म्हणाले. "मुद्देमाल घावला."

लाज वाटली हो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खाज बघा माझी! "मग पहाटे गाडीपाशी काय करत होता?"

"दार सताड उघडं व्हतं की तुमचं! आत कुत्रं झोपलं व्हतं. त्याला हाकललं, दार लावलं."

आदल्या रात्री दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, दार लावायचं राहूनच गेलं होतं. म्हणजे बघा, गाडी अंगणात उघडी, तिची राखण बबनराव करतायत, आणि मालक? मालक आत डब्याचं झाकण घट्ट बसलंय का, ते तिसऱ्यांदा बघतोय!