चष्मा सरळ बसायचा तेव्हा

चष्मेवाला कामाला वाघ, पण राग कायम नाकावर. फ्रेम बसवताना गिऱ्हाईक हसलं की खेकसायचा, "दात काढू नका हो, तोंड गप्प ठेवा!" त्याचं काही चूक नव्हतं म्हणा. माणूस मनापासून हसला की दोन्ही गाल सारखे वर येतात. उसनं हसू मात्र एकाच गालाला जास्त ओढतं, आणि गालावर टेकलेली फ्रेम त्या बाजूनं उचलली जाते. तीस वर्षांत असे हजारो चेहरे त्याच्या हाताखालून गेले होते.

पण दिव्याखाली अंधार! बायको समोर बसली की तिला तो कधी गप्प बस म्हणाला नाही. ती हसतच असायची, आणि तो तिच्या हसऱ्या तोंडावरच काड्या वाकवून चष्मा सरळ करायचा. "आमची ही सदा हसतमुख," असं चारचौघांत मिरवायचाही.

ती गेली. महिन्याभरानं तिची जुळी बहीण दुकानात आली. आठवण म्हणून तिला ताईचा चष्मा हवा होता. हुबेहूब तोच चेहरा बघत चष्मेवाल्यानं खणातून चष्मा काढला. तिच्या नाकावर चढवला, तर तो डावीकडून खाली कललेला.

"थांब, नीट करतो," म्हणत त्यानं पक्कड उचलली.

"राहू द्या भावोजी. ताईचाही असाच असायचा. आम्ही चिडवायचो तिला, चष्मेवाल्याची बायको आणि चष्मा तिरका!"

"काहीतरीच! मी एक दिवस वाकडा पाहिला नाही."

"तुम्ही घरात शिरलात की सरळ व्हायचा," ती सहज बोलून गेली.

"म्हणजे काय?" तो ओरडला आणि पक्कड टेबलावर आपटली.

ती दचकली. "अहो, गंमत केली," म्हणत त्याला शांत करायला हसली. डावा गाल वर गेला आणि चष्मा सरळ झाला, अगदी रेषेत.

समोर त्याची बायको उभी होती. रोज दार उघडायची तीच, तशीच हसणारी. आपल्याला बघून खुलते, असं त्याला वाटायचं. ती घाबरायची!

"माझी भीती वाटते तुला?" हळू विचारायला गेला, पण आवाज नेहमीसारखाच निघाला.

"छे हो भावोजी," ती म्हणाली, आणि आणखी हसली.