आधी पत्रा बघा

झाशीच्या प्रेमनगरात दिवाकर लघाटे भेटले की लोक आधी त्यांच्या फियाटची खुशाली विचारतात, मग त्यांची. सिविल लाइंसच्या कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली, गाडी मात्र अजून कामावर आहे. ती त्यांच्या वडिलांची, आबासाहेबांची. लघाट्यांकडे पिढीजात भिक्षुकी, त्यामुळे आबासाहेब पंचांग पाहिल्याशिवाय गाडीची किल्लीसुद्धा उचलत नसत. दिवाकररावांनी त्यांची जन्मभर टिंगल केली. "आबा, इंजिनाला तिथी कळते का हो?" हा त्यांचा ठरलेला टोमणा.

गेल्या वर्षी सीट काढल्या तेव्हा कळलं की गाडीचा तळ गंजलाय. वर गालिचा गुबगुबीत, त्याखालचा नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर, वर्षानुवर्षं ओल धरून बसलेला, आणि त्याच्याखाली पत्र्याची चाळण! वेल्डिंगवाल्याने कुजका भाग कापून नवा पत्रा जोडला. पण निक्षून सांगितलं, कडांमध्ये आता जीव नाही, हा पत्रा पुन्हा कुजला तर टाका धरणार नाही, मग गाडी थेट भंगारात. दिवाकररावांना त्या दिवशी घास उतरेना. याच गाडीतून त्यांनी अनुसयाबाईंना ग्वाल्हेरहून लग्न करून आणलं होतं.

मग ते स्वतः पालथे पडून कामाला लागले. पत्रा घासला, सांधे बुजवले, लाल प्राइमर लावला, तो वाळल्यावर रंगाचे दोन हात दिले. राहिला फक्त गालिचा. त्यासाठी गाडी ओरछा गेटजवळ गाड्यांच्या गाद्या-गालिचे बसवणाऱ्या हरदासकडे दिली. एवढ्यात धाकट्या भावाच्या साठीशांतीला नागपूरला जायचं निघालं. निघता निघता त्यांनी हरदासला तीनतीनदा बजावलं, "हरदास भैया, पहले पत्रा देखना. अच्छे से देखना. उसके बाद ही गालीचा बिछाना." हरदासने हात जोडले. माणूस समजूतदार दिसतो, असं वाटून दिवाकरराव निर्धास्त गाडीत बसले, म्हणजे रेल्वेच्या.

तिसऱ्या दिवशी मुलीचा, सुरभीचा फोन आला. तिला मराठी कळतं सगळं, पण बोलताना हिंदीच येतं. "बाबा, यहाँ दो दिन से महावट लगी है. मैं दुकान पर गई थी. बंद है. गाडी पर बस एक फटी तिरपाल पडी है."

पौषातला पाऊस, आणि तोही दोन दिवस! हरदासचा मोबाईल बंद. दिवाकररावांच्या डोळ्यांपुढे ओला नमदा, त्यावर ताणून ठोकलेला गालिचा, आणि खाली हळूहळू फुगणारा रंग. साठीशांतीच्या जेवणात जिलबी वाढली ती तशीच राहिली. "अहो, एक घास तरी घ्या," अनुसयाबाई म्हणाल्या. मिळेल त्या गाडीने दोघं परतले, आणि स्टेशनवरून घरी न जाता थेट ओरछा गेट गाठलं. हरदासचं दुकान आता उघडं होतं.

दिवाकररावांनी फियाटचं दार उघडलं. तळ उघडा होता! नमदा नाही, गालिचा नाही. नवा रंग चकाकत होता आणि क्लचजवळ पाण्याचं एक छोटंसं डबकं साचलं होतं. त्यांनी बोटाने ओघळाचा माग काढला, तर तो वर पुढच्या काचेच्या रबरापाशी पोचला. रबर कोपऱ्यात फाटलं होतं. तळाला ओल कुठून येते, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसत होतं. गालिचा घातला असता तर ते पाणी नमद्याने गपगुमान पिऊन टाकलं असतं.

"गालीचा क्यों नहीं बिछाया?" त्यांनी हरदासला विचारलं.

हरदास घाबरला. "बाबूजी, आपई ने तो कई ती, पैलें पत्रा देख लियो. सो पंडितजी सें दिखवा लओ. अबै खरमास चल रओ. संकरांत लौं कछू नईं बिछने."

दिवाकररावांना आता उलगडा झाला. मराठीतला पत्रा म्हणजे लोखंडाचा, इथल्या हिंदीतला पत्रा म्हणजे पंचांग, आणि त्यातला खरमास म्हणजे संक्रांतीआधीचा, शुभकामाला वर्ज्य महिना. झाशीत जन्म गेला, तरी घाईत तोंडून घरचाच शब्द निघाला होता. आणि हरदासने विचार केला होता, पंडितांचं घराणं आहे, मुहूर्त पाहायला सांगणारच. दिवाकररावांनी पाणी टिपलं, पत्र्यावर तळवा फिरवला. रंग शाबूत होता. एवढं हायसं त्यांना मुलीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. ते तिथेच पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

रबर दुसऱ्याच दिवशी बदललं. पुढे संक्रांत झाल्यावर हरदासने विचारलं, "बाबूजी, अब बिछा दें?"

"थांब," दिवाकरराव म्हणाले. आधी त्यांनी काचेवर बादलीभर पाणी ओतलं, खाली वाकून लोखंडाचा पत्रा चाचपला. कोरडा ठणठणीत! मग खिशातून आबासाहेबांचा जुना चष्मा काढला, पिशवीतून यंदाचं पंचांग काढलं, आणि अनुसयाबाई पदराआड हसत असताना मुकाट्याने दुसरा पत्रा उघडला.