जांभळीच्या खालच्या फांद्या

आमच्या परसातल्या जांभळीची सावली दुपार टळेपर्यंत हलत नसे. तिच्याखाली माझी थोरली बहीण भाजी लावायची. तिला आम्ही बाई म्हणत असू. अळू, चुका, कोथिंबीर छान यायची. वांगी मात्र नुसतीच उंच व्हायची आणि फूल गाळायची. "या जांभळीनं माह्या वांग्याले उपाशी मारलं गा," हे ती मला सारखं ऐकवायची.

बाई विशीच्या आत विधवा होऊन माहेरी आली होती. सकाळी कामाला निघालेल्या माणसाला विधवा समोर दिसू नये, हे सीताबर्डीच्या आमच्या गल्लीत सगळेच पाळत. मी असलं काही मानत नव्हतो. कचेरीत तसं सांगायचोही. आई तिला पुढच्या ओट्यावर येऊ देत नसे. परसात मात्र ती उजाडल्यापासून असायची, मोठ्याने बोलायची, झाडांना शिव्या द्यायची. कुंपण कमरेएवढंच होतं. मागच्या रस्त्यावरून ती दिसत नसे, ते जांभळीच्या खाली लोंबणाऱ्या फांद्यांमुळे. हे मला तेव्हा माहीत होतं का? रोज डोळ्यांपुढे होतं, एवढं खरं.

ती कन्हानला मामाकडे गेली असताना मी माणूस लावून त्या फांद्या तोडून घेतल्या. तिला आनंद व्हावा, एवढंच मनात होतं, असं मला वाटतं. आल्या आल्या ती वाफ्यापाशी गेली, मातीवर हात ठेवून म्हणाली, "गरम लागून राहिली वं माय, माती." आईसुद्धा हसली.

त्याच आठवड्यात कोर्टात निघालेले एक शेजारी मागच्या रस्त्यावर थबकले, घरी परतले, पाणी पिऊन पुन्हा निघाले. संध्याकाळी मला गाठून म्हणाले, "काय बाबूसाहेब, तुमच्या घरचं दर्शन घेतल्याबिगर आता आमाले कोर्टात जाता येत नाही वाटते." मी हसलो. का हसलो, कोण जाणे. आईने बाईला सकाळी आत राहायला सांगितलं. मग संध्याकाळी. मग तिचं परसच सुटलं.

कुंपणाला बांबूचा तट्टा बांधला असता की झालं असतं. बुरडाच्या दारात टेकवलेले तट्टे मी कचेरीत जाता-येता पाहायचो. आणला नाही. वाफ्यावर पुन्हा सावली पडेल, असं स्वतःला सांगितलं. मग वाटलं, तट्टा बांधणं म्हणजे बहीण झाकून ठेवायची चीज आहे, असं आपणच कबूल करणं. आज दोन्ही कारणं खरी वाटतात, आणि थोड्या वेळाने दोन्ही खोटी.

त्या हिवाळ्यात वांगी इतकी लागली की आई शेजारीपाजारी वाटायची. पाणी मी घालायचो. बाई आत बसून चिरायची. वाढताना एकदा म्हणाली, "काहून गा, चव लागून नाही राहिली?"

"लागते ना," मी म्हटलं.

आई गेली, बाईचे केस पिकले, तेव्हा कुठे मी तट्टा आणून बांधला. ती दारात येऊन पाहत राहिली.

"हे कोणासाठी?"

"तुह्यासाठी."

"काढ ते. वांग्याले सावली होते."

ती रागावली होती की मला मोकळं करत होती, मला कळलं नाही. मी तट्टा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्ता माणसांनी भरलेला असताना, ती उघड्या परसात खुरपं घेऊन बसली. बाहेर कोणी थबकलं का, ते मी पाहिलं नाही. त्या दिवशी मला बढतीसाठी साहेबापुढे उभं राहायचं होतं आणि माझी सायकल परसात होती. मी परसाच्या दाराशी आतच उभा होतो. बाई पाठमोरी होती.

"जा ना गा," मागे न वळता ती म्हणाली, "उशीर होऊन राहिला."

मी सायकल तिथेच राहू दिली आणि पुढच्या दाराने पायी कचेरीत गेलो.